एर्मूपोलीचे बंदर

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या युरोपच्या नकाशात, ग्रीस देशाच्या पूर्वेस, समुद्रावर कोणी मूठभर मोहरी उधळून द्यावी तसे ठिपके दिसतात. भूगोलाचे शिक्षक रजेवर असले म्हणजे त्यांचा तास मजकडे येई. मी वस्तुतः मराठीचा शिक्षक. तेव्हा छडीचे टोक त्या ठिपक्यांवरून भरकन फिरवून ‘ही ग्रीसची बेटे’ एवढेच सांगावयाचे आणि इटलीकडे वळावयाचे, असा माझा शिरस्ता होता. पस्तीस वर्षे मी हेच केले. त्या मोहरीतील एका दाण्यावर आपण कधी काळी आठ दिवस मुक्काम करू, असे मला स्वप्नातदेखील वाटले नव्हते.

परंतु तसा योग आला खरा. आमचे जावई व्यापारी जहाजावर अभियंता आहेत. २०१९ साली त्यांचे जहाज दुरुस्तीसाठी सीरोस नावाच्या बेटावरील गोदीत दाखल झाले. मुलगीही तेथे जाऊन राहिली होती. तिने आग्रहाने लिहिले, “बाबा, आता सेवानिवृत्त झालात, शाळा नाही, तपासणी नाही. आईला घेऊन या.” त्याप्रमाणे सप्टेंबरच्या अखेरीस मी व सौभाग्यवती अथेन्सला पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिरीयस बंदरात सीरोसच्या बोटीवर चढलो.

सुमारे चार तासांचा तो प्रवास. इजियन समुद्राचा निळा रंग कोकणच्या समुद्राहून निराळा. दौतीत नुकतीच शाई ओतावी तसा गडद. वाटेत लागणारी बेटे मात्र उजाड, पिंगट, झाडाचे नाव नसलेली. मला आमच्या खानदेशातील उन्हाळ्यातल्या टेकड्यांची आठवण झाली. एवढ्यात बोट वळली आणि एकाएकी समोर पांढरे-पिवळे शहर उभे राहिले.

शहर अक्षरशः उभे आहे. बंदराच्या मागे दोन सुळक्यांसारख्या टेकड्या आहेत आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्यांवर घरेच घरे. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात आणि त्यावर मातीची घरे एकावर एक मांडतात, अगदी तसे. डाव्या टेकडीच्या माथ्यावर कॅथलिक पंथाचे मुख्य मंदिर, उजव्या टेकडीच्या माथ्यावर ऑर्थोडॉक्स पंथाचे. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, सप्तशृंगीचा गड कोणी समुद्रात आणून ठेवला की काय!” उपमा मला पटली. पुढे आठ दिवस पायऱ्या चढताना ती अधिकच पटली.

हे बेट फार लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस किलोमीटर, आणि लोकवस्ती एकवीस-बावीस हजार. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक एर्मूपोली या बंदराच्या गावी राहतात. या भागातील बेटांना ‘सिक्लाडीस’ म्हणतात. सूर्यदेव अपोलोचे जन्मस्थान मानलेल्या देलोस या पवित्र बेटाभोवती ती वर्तुळाकार पसरली आहेत, म्हणून हे नाव. एर्मूपोली ही या साऱ्या द्वीपसमूहाची राजधानी. पाऊस अगदी थोडा, नदी एकही नाही. पूर्वी पावसाचे पाणी घराघरांतील हौदांत साठवीत. आता समुद्राचे पाणी गोडे करून नळाने पुरवितात. उन्हाळ्यात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा कोरडा वारा असा सुटतो की उभ्या माणसास तोल सावरावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा त्याचा जोर ओसरला होता, तरी माझी टोपी त्याने पहिल्याच दिवशी समुद्रार्पण केली.

अशा जागी माणसे राहू कशी लागली, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. तसे पाहिले तर बेट अतिप्राचीन आहे. बेटाच्या उत्तर भागात शालांद्रियानी येथे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या शेकडो कबरी सापडल्या. त्यांत तव्याच्या आकाराची मातीची भांडी निघाली, आणि काहींवर अनेक वल्ह्यांची लांब नौका कोरलेली आहे. पायथॅगोरसचा गुरू मानला जाणारा फेरेकीदीस याच बेटावरचा. पुढे १२०७ च्या सुमारास व्हेनिसच्या सरदारांनी ही बेटे जिंकली. चाच्यांच्या भयाने लोक किनारा सोडून डाव्या टेकडीच्या माथ्यावर जाऊन राहिले. तेच ‘आनो सीरोस’, म्हणजे वरचे सीरोस. व्हेनिसच्या सत्तेमुळे ते कॅथलिक झाले आणि आजही बहुतांशी आहेत. तेथे मोटार जात नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून एखादे गाढव आले तर आपण कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभे राहावे. १९०५ साली याच गल्ल्यांत एका गरीब घरी मार्कोस वामवाकारिस जन्मला. पिरीयसच्या धक्क्यावर हमाली करता करता तो बुझुकी हे तंतुवाद्य शिकला आणि साऱ्या ग्रीसचा आवडता गायक झाला. आपल्या बेटावरील एका कॅथलिक मुलीविषयी १९३५ साली त्याने केलेले गाणे तेथील उपाहारगृहांत आजही वाजते.

शतकानुशतके खाली बंदरावर मात्र वस्ती जवळजवळ नव्हतीच. ते शहर वसविले निर्वासितांनी.

१८२१ मध्ये ग्रीकांनी तुर्की सत्तेविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले. त्याची जबर किंमत बेटांना द्यावी लागली. १८२२ साली खिओस बेटावर तुर्की सैन्याने भीषण कत्तल केली. हजारो लोक मारले गेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. १८२४ साली प्सारा बेट बेचिराख झाले. जे वाचले ते मिळेल त्या होडीत बसून निघाले. सीरोसच्या कॅथलिकांना फ्रान्सचे संरक्षण असल्यामुळे ते युद्धात तटस्थ राहिले होते आणि तुर्की आरमार या बेटाला हात लावीत नव्हते. म्हणून होड्या इकडे वळल्या. त्या उजाड किनाऱ्यावर निर्वासितांनी फळ्यांच्या झोपड्या उभारल्या. वरच्या गावातील लोकांना ही गर्दी काही फारशी रुचली नाही. पंथ निराळा, बोली निराळी, आणि पाणी तर आधीच अपुरे. परंतु आलेले लोक व्यापारी आणि खलाशी होते. १८२४ मध्ये त्यांनी आपले पहिले चर्च बांधावयास घेतले, आणि १८२६ मध्ये झोपड्यांच्या त्या वस्तीला त्यांनी नाव दिले ‘हर्मीसचे नगर’, म्हणजेच एर्मूपोली. हर्मीस हा ग्रीक पुराणांतील व्यापाराचा देव. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी झोपडीत बसून व्यापारनगरीचे नाव ठेवावे, याला काय म्हणावे?

हे नाव खिओसच्या लुकास रॅली नावाच्या व्यापाऱ्याने सुचविले, असे सांगतात. ‘रॅली’ हा शब्द कानी पडताच मी दचकलो. हा शब्द मी लहानपणी आजोबांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता. आजोबा पोरवयात त्यांच्या वडिलांबरोबर कापसाच्या गाड्या घेऊन बाजारास जात. “कापूस रॅलीच्या काट्यावर घातला, की मग गुळाची भेली,” असे ते सांगत. हा रॅली म्हणजे कोणी इंग्रज साहेब असावा, अशी आम्हां साऱ्यांची समजूत होती. तो इंग्रज नव्हता! खिओसच्या याच रॅली घराण्यातील बंधूंनी लंडनमध्ये पेढी काढली, १८५१ मध्ये ती कलकत्त्यास व १८६१ मध्ये मुंबईस आली, आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस तिच्या मार्फत विलायतेस जाऊ लागला. एका बेटावरून उधळलेल्या माणसांपैकी काही या खडकावर येऊन थांबली आणि काहींचा हात पार आमच्या गावच्या बैलगाडीपर्यंत पोहोचला. आजोबा हयात असते तर त्यांना मी लगेच पत्र लिहिले असते.

एर्मूपोलीची भरभराट फार झपाट्याने झाली. काळा समुद्र, कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया आणि पश्चिम युरोप यांच्या वाटा येथे एकत्र येत. १८५० च्या आसपास हे ग्रीसमधील सर्वांत महत्त्वाचे व्यापारी बंदर होते. अथेन्सजवळचे पिरीयस त्याच्यापुढे फिके होते. १८६१ मध्ये ‘नेओरिओन’ ही गोदी निघाली. आमच्या जावईबापूंचे जहाज तिच्यातच टेकलेले होते. दोन-तीन पिढ्यांपूर्वी झोपडीत राहिलेल्यांच्या नातवंडांनी संगमरवरी वाडे बांधले. समुद्राच्या कडेला ‘वापोरिया’ म्हणून एक मोहल्ला आहे. वापोर म्हणजे आगबोट. जहाजांच्या मालकांची ही घरे जणू पाण्यातूनच वर आली आहेत. छतांवर रंगीत चित्रे, सज्जांना कोरीव संगमरवरी आधार, आणि मागे संत निकोलसच्या चर्चचा निळा घुमट.

गावाच्या मध्यभागी मियाऊलिस या स्वातंत्र्ययुद्धातील नौसेनापतीचा पुतळा आहे, आणि त्याच्या नावाचा विस्तीर्ण चौक आहे. साऱ्या चौकास संगमरवरी फरसबंदी आहे, आणि ती पायांनी घासून अशी गुळगुळीत झाली आहे की दिवेलागणीस तिच्यात दिव्यांची प्रतिबिंबे दिसतात. समोर नगरभवन. एर्न्स्ट त्सिलर या जर्मन वास्तुविशारदाने योजिलेल्या या इमारतीचे काम १८७६ मध्ये सुरू झाले. तिची जी पायऱ्यांची चळत आहे, तिच्यावर संध्याकाळी गावातील निम्मी मुले बसलेली असतात. जवळच ‘अपोलो’ नावाचे नाट्यगृह आहे. ते १८६४ मध्ये उघडले. मिलान येथील प्रसिद्ध नाट्यगृहाची ही धाकटी बहीण, असे तेथील लोक कौतुकाने म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात त्याची फार दुर्दशा झाली होती. आता ते पुन्हा नीटनेटके झाले आहे.

मला त्याहून अधिक आवडली ती धक्क्यामागच्या गल्लीतील एक गोष्ट. प्सारा बेटाच्या निर्वासितांनी बांधलेले एक साधे चर्च तेथे आहे. पळताना त्यांनी आपल्याबरोबर मेरीमातेच्या निर्वाणाचे एक लहानसे लाकडी चित्र आणले होते. दीडशे वर्षे भाविक त्याचे चुंबन घेत होते, मेणबत्तीच्या धुराने ते काळवंडले होते. १९८३ मध्ये एका अभ्यासकाने ते नीट पाहिले, तेव्हा चित्रातल्या समईवर बारीक अक्षरांत सही दिसली: दोमेनिकोस थिओतोकोपूलोस. हा म्हणजे जगप्रसिद्ध चित्रकार एल ग्रेको! क्रीट बेटावर असताना, तरुणपणी त्याने ते काढले होते. जळत्या गावातून निघताना ज्याने ते काखेत घेतले, त्याला चित्रकाराचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. घरातला देव म्हणून त्याने तो घेतला, एवढेच.

आता त्या वैभवाचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. आगबोटी मोठ्या झाल्या, त्यांना वाटेत थांबण्याची गरज उरली नाही. राजधानीचे बंदर म्हणून पिरीयस वाढले. १८९३ मध्ये कोरिंथचा कालवा निघाला आणि पश्चिमेकडील जहाजे थेट तिकडे जाऊ लागली. एर्मूपोलीत सूतगिरण्या निघाल्या, त्यांनी काही काळ तग धरला. १९२२ मध्ये आशिया मायनरमधून ग्रीकांना निघावे लागले, तेव्हा पुन्हा निर्वासित आले, आणि हजारो अनाथ मुलांसाठी अमेरिकन मदतकर्त्यांनी येथे अनाथालय उभारले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात, इटलीच्या लष्करी अमलाखाली, मोठा दुष्काळ पडला. खडकावर पिकत काहीच नाही आणि बोटी बंद. संगमरवरी चौकात माणसे भुकेने पडली. जुन्या कारखान्यांच्या जागेत आता उद्योगांचे संग्रहालय आहे. १९७० नंतरच्या दशकात येथे तयार झालेली विजेवर चालणारी चिमुकली मोटार मी तेथे पाहिली. कल्पना काळाच्या पुढची होती. शंभराहून थोड्या अधिक मोटारी झाल्या आणि काम थांबले.

चौकात रोज सायंकाळी एक वृद्ध गृहस्थ कॉफीचा इवलासा पेला पुढे घेऊन बसत. मीही शिक्षक होतो हे मुलीकडून कळताच त्यांनी खुर्ची ओढून मला बसविले. तेही निवृत्त शिक्षकच निघाले. त्यांचे व माझे इंग्रजी सारखेच मोडके असल्याने संभाषण उत्तम चालले. मी त्यांना म्हटले, “तुमचे जुने नाणे ‘द्राख्मा’ २००२ मध्ये गेले आणि युरो आला, पण आमच्या भाषेत तुमचे नाणे अजून चालू आहे. द्राख्माचे संस्कृतात ‘द्रम्म’ झाले आणि मराठीत ‘दाम’.” गृहस्थ इतके खूश झाले की त्या दिवशीच्या कॉफीचा दाम त्यांनी मला देऊ दिला नाही.

मग त्यांनी मला त्यांच्या विद्यालयाची हकीकत सांगितली. १८३३ मध्ये, म्हणजे गाव वसून पुरती बारा वर्षेही झाली नव्हती तेव्हा, एर्मूपोलीत माध्यमिक विद्यालय निघाले. स्वतंत्र ग्रीसमधील अगदी पहिल्या विद्यालयांपैकी हे एक. त्याचे मुख्याध्यापक नेओफीतोस वामवास. हे मोठे पंडित. एके काळी ते खिओसच्या नामांकित विद्यालयाचे प्रमुख होते. ते विद्यालय आणि त्याचा ग्रंथसंग्रह १८२२ च्या आगीत नाहीसा झाला. त्या खिओसची मुले आता येथे त्यांच्यासमोर बाकांवर बसली. पुढे १८६६ मध्ये क्रीट बेटावर बंड झाले आणि तेथील एक कुटुंब पळून सीरोसला आले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा येथेच वाढू लागला. काही वर्षांनी ते क्रीटला परतले. परंतु शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षासाठी तो मुलगा पुन्हा एर्मूपोलीस आला आणि १८८० मध्ये येथील विद्यालयाचे प्रमाणपत्र घेऊन गेला. तो एलेफ्थेरिओस वेनिझेलोस. १९१० मध्ये तो ग्रीसचा पंतप्रधान झाला.

मी सहज विचारले, “आणि सुरुवातीच्या त्या मुलांचे आधीच्या शाळेचे दाखले?”

वृद्ध गृहस्थ हसले. म्हणाले, “दाखले? शाळाच जळाली होती. मास्तर तोंडी विचारीत, काय येते तुला? जे येत असे त्याच्या पुढचे शिकवीत.”

ते हसले, परंतु मला हसता आले नाही. कॉफी तशीच ठेवून मी लवकर उठलो.

१९९९ मधील गोष्ट आहे. मी मुख्याध्यापक होऊन दुसरे वर्ष चालू होते. जानेवारीत एक म्हातारी एका मुलाला घेऊन कचेरीत आली. धरणात त्यांचे गाव गेले होते. सरकारने दिलेल्या नव्या वसाहतीत शाळेची खोली अजून उभी राहिली नव्हती. मुलगा सातवीत होता. त्याचे नाव कैलास. त्याने खांद्यावरच्या पिशवीतून एक वही काढून माझ्या मेजावर ठेवली. गणिते नेटकी होती, अक्षर वळणदार होते. मी दाखला मागितला. म्हातारी म्हणाली, “गावच उठलं साहेब, मास्तरची बदली झाली. कागद कुठं मागू?” मी तिला तालुक्याच्या कार्यालयाचा पत्ता लिहून दिला आणि दाखला घेऊन येण्यास सांगितले. नियमात माझे काहीही चुकले नव्हते. शिपायाने वही उचलून मुलाच्या हाती दिली. ती दोघे पुन्हा आली नाहीत. दीड-दोन वर्षांनी आठवड्याच्या बाजारात मला तो मुलगा एका चहाच्या गाडीवर कपबशा विसळताना दिसला. त्याने मला ओळखले आणि ‘नमस्कार सर’ म्हटले. मी शाळेत येत नाहीस का, असे विचारले नाही. त्याचे उत्तर मला ठाऊक होते.

त्यानंतर दाखल्यावाचून आलेली मुले मी हमीपत्रावर वर्गात बसवू लागलो. त्याबद्दल एकदा लेखी खुलासाही द्यावा लागला. पण हे सारे नंतरचे.

रात्री मी मुलीला ही गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, “बाबा, उद्या त्या आजोबांनाही सांगा.” दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितली. ते बराच वेळ आपल्या पेल्यातील गाळ पाहत राहिले. मग म्हणाले, “माझाही एक आहे.” आणि त्यांनीही मला एका मुलाची हकीकत सांगितली. ती त्यांची आहे, मी येथे लिहिणार नाही.

निघण्याच्या दिवशी सौभाग्यवतींनी ‘लौकूमी’ या मिठाईच्या सहा पेट्या घेतल्या. ही मिठाई निर्वासितांबरोबरच येथे आली. साखर व पिठी शिजवून, गुलाबपाणी घालून, बारीक साखरेत घोळविलेल्या त्या वड्या आपल्या मुंबई हलव्याच्या जातीच्या, पण अधिक लुसलुशीत. पूर्वी बोट धक्क्यास लागली की विक्रेते टोपल्या घेऊन धावत वर चढत आणि भोंगा वाजेपर्यंत विक्री करीत. आता दुकानेच धक्क्यावर ओळीने आहेत. त्या वृद्ध गृहस्थांनी मला निरोप देण्यास धक्क्यापर्यंत येण्याचे कष्ट घेतले. बोट हलली, तेव्हा सायंकाळ होत आली होती. दोन्ही टेकड्यांवर दिवे लागत होते. या बेटावर कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोक ईस्टरचा सण एकाच दिवशी पाळतात, इतरत्र बहुधा पाळीत नाहीत, हे त्यांनी मला सांगितले होते; समोरासमोरची ती दोन मंदिरे पाहताना ते आठवले.

घरी परतल्यावर एक दिवस मी धरणग्रस्तांच्या त्या वसाहतीत गेलो. आता तेथे पक्की शाळा आहे. मुले खेळत होती. कैलासची चौकशी केली. एका जुन्या माणसाने घर दाखविले. त्याला कुलूप होते. आजी वारल्यावर तो सुरतेस कामाला गेला, लग्न झाले, दोन मुले आहेत, असे कळले. मुले शाळेत जातात का, असे मी विचारले. “जात्यात की,” तो म्हणाला. बरोबर नेलेली लौकूमीची पेटी मी शाळेत मुलांना वाटली. पिठीसाखरेने त्यांची तोंडे पांढरी झाली आणि ती एकमेकांकडे पाहून हसू लागली.